सफरचंदाच्या फोडी डब्यात तशाच परत येतात

(नाशिकहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. वय 36, बँकेत नोकरी. दीड वर्षापूर्वी लग्न झालं, तिचं पहिलं, नवऱ्याचं दुसरं. त्यांची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, आता नऊची आहे. नवरा सातपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. घरात सासूबाई आहेत. मुलगी हिला मावशी म्हणते. दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं. मग शाळेत गॅदरिंगची प्रॅक्टिस सुरू झाली, यांच्या वर्गाचं नाटक हिमगौरी आणि सात बुटके. वर्गातलं कोणीतरी म्हणालं, "तुझी पण स्टेपमदर आहे ना, सफरचंद बघून खा हां." सगळे हसले. त्या दिवसापासून डब्यातल्या सफरचंदाच्या फोडी तशाच परत येतात. त्यात संध्याकाळी सात वाजता सासूबाई जी मालिका लावतात तिच्यात सावत्र आई मुलीची पुस्तकं जाळते, आणि मुलगी शेजारी बसून बघते. सासूबाई म्हणतात, "आपली मावशी अशी नाही हो." हिनं दीड वर्षात मुलीला एकदाही रागवलेलं नाही, अभ्यास झाला नाही तरी नाही, रात्री अकरापर्यंत मोबाईल बघितला तरी नाही. विचारते: शाळेला नाटक बदलायला सांगू का? मालिका बंद करायला लावू का? आणि मी तशी नाहीये हे या पोरीला कसं पटवून देऊ?)

अगं, पत्रात ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते, चालेल ना.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या फोडींपाशीच अडकले, कालवलं पोटात. दुसऱ्यांदा वाचताना पत्रात एक माणूस शोधत होते, तो काही सापडेना. कोण ते पुढे सांगते.

आधी शाळेचं. नाटक बंद करायला लावू नकोस. नऊ वर्षांची पोरं फार हुशार असतात, प्रॅक्टिस चालू असलेलं नाटक अचानक का रद्द झालं ते त्यांना दोन दिवसांत कळणार, आणि मग तुझ्या लेकीचं काय होईल याचा विचार कर. बाईंना भेटायचं ते जे बोललं गेलं त्याबद्दल, पोराचं नाव न घेता, एवढंच म्हणायचं की वर्गात असं एक मूल आहे, जरा लक्ष ठेवा. आणि जमलं तर बाईंना ही पुढची गंमत पण सांग.

हिमगौरीची गोष्ट ज्यांनी छापली त्या ग्रिम बंधूंची पहिली आवृत्ती आली 1812 मध्ये. त्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई होती. हो, सख्खी, जन्म दिलेली. 1819 च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला सावत्र करून टाकलं. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतपण तेच झालंय, पोरांना जंगलात सोडून या असं नवऱ्याला सांगणारी बाई आधी त्यांची आईच होती, पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती सावत्र झाली. अभ्यासक म्हणतात की पुस्तक घराघरांत मुलांच्या हातात जायला लागलं आणि आई असं करू शकते हे छापणं जड जायला लागलं, म्हणून हा बदल. म्हणजे आईच्या खात्यावरचा सगळा कचरा उचलून शेजारणीच्या दारात टाकला, आणि मग 1937 मध्ये डिस्नेनं त्याचा रंगीत सिनेमा काढला तेव्हा तीच शेजारीण जगभर कायमची झाली. तुझ्या पोरीच्या वर्गात जे हसले ना ते या दोनशे वर्षांपूर्वीच्या खाडाखोडीवर हसले.

आता तू म्हणशील ताई हे सगळं जर्मनीचं, आपल्याकडे काय. आपल्याकडे तर शब्दातच आहे. पेपरात वाचतेस ना, अमुक जिल्ह्याला निधीत सापत्न वागणूक. सापत्न कशावरून आलं तर सपत्नीवरून, सपत्नी म्हणजे सवत. आपल्या जुन्या गोष्टींमधली सावत्र आई म्हणजे आईच्या मागून आलेली बाई नसतेच बऱ्याचदा, ती आई जिवंत असताना त्याच घरात नांदणारी दुसरी बायको असते. ध्रुवाची गोष्ट घे. सुनीती पण आहे, सुरुची पण आहे, आणि भांडण कशावरून तर राजाच्या मांडीवर कोण बसणार, म्हणजे उद्या गादीवर कोण बसणार. ते सगळं दोन बायकांच्या घरातलं वाटणीचं राजकारण आहे. दुसरी बायको करायला आपल्याकडे मुंबई प्रांतात 1946 ला कायद्यानं बंदी आली, मग 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं सगळीकडे. ते घर मोडलं, त्या घरातली खलनायिका मात्र तशीच राहिली आणि आता ती तुझ्यासारखीच्या टू-बीएचकेत आणून बसवलीय जिथे सवतच नाही, आहे तो भिंतीवरचा एक फोटो.

अनिल कपूरचा बेटा आठवतोय का, 1992 चा? अरुणा इराणी सावत्र आई. ती त्या पोराला शिकू देत नाही. का, तर इस्टेट त्याच्या नावावर आहे आणि शिकला तर कागद वाचेल. सिनेमाभर आई आई चाललेलं असतं पण खरा सगळा मामला अंगठ्याचा आहे. आणि आपल्या मराठी मालिका-सिनेमात तर सोयराबाई आहेतच, परवा 2025 मध्ये हिंदीत छावा आला त्यातपण होत्या. इतिहासात नेमकं काय घडलं तो वेगळा आणि मोठा विषय, त्यात मी पडत नाही. पण बघ ना, 1659 मध्ये सईबाई गेल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे. महाराजांच्या बाकीच्या सगळ्या राण्या त्यांच्या नात्यानं सावत्र आयाच की. पुतळाबाईसुद्धा. पण पुतळाबाईंना सावत्र आई म्हणताना ऐकलंयस कधी कोणाला? रामायणात कौसल्या ही भरताची सावत्र आई, सुमित्रा रामाची सावत्र आई, नुसतं वाचायलासुद्धा विचित्र वाटतं ना? कारण जी चांगली वागली तिला आपण आई म्हणून मोकळे होतो आणि सावत्र हा शब्द फक्त जी वाईट वागली तिच्यासाठी राखून ठेवतो. असं केल्यावर सावत्र आई वाईटच निघणार, दुसरं काय होणार.

तर आता तो न सापडलेला माणूस.

या सगळ्या गोष्टींमध्ये बाप कुठंय गं? हिमगौरीचा बाप राजा आहे, लग्न करतो आणि गोष्टीतून गायब. हॅन्सेल-ग्रेटेलचा बाप पोरांना जंगलात स्वतः नेऊन सोडतो आणि शेवटी पोरं त्याच्याच गळ्यात पडतात. सिंड्रेलाचा बाप ग्रिमच्या गोष्टीत चांगला जिवंत आहे, पोरगी चुलीजवळ राखेत झोपते तरी तो ब्र काढत नाही. उत्तानपाद राजाच्या डोळ्यांसमोर ध्रुवाला ढकललं जातं, तो गप्प. दशरथ बेशुद्ध. बेटामध्ये बापाला वेडा ठरवून कोंडून ठेवलेलं असतं, तेवढी तरी सबब आहे त्याला.

आणि तुझ्या दीड पानी पत्रात नवऱ्यावर एक वाक्य आहे. शिफ्ट ड्युटी असते. बस.

मी त्यांना दोष देत नाहीये, ओळखत पण नाही मी त्यांना. बायको गेली, तीन वर्षांच्या आत घर परत उभं केलं, माणूस चांगलाच असेल. पण फोडी परत येतायत हे त्यांना माहितीये का? तू सांगितलंयस का? मला वाटतं नाही सांगितलंस, कारण तुला भीती वाटते की तक्रार केली असं दिसेल, आणि तक्रार करणारी दुसरी बायको म्हणजे परत तीच मालिकेतली बाई. बरोबर ना? इथेच सगळं अडलंय. तू एकटी त्या पोरीपुढे परीक्षेला बसलीयस आणि जो माणूस तुम्हा दोघींचा आहे तो हॉलच्या बाहेर उभाय.

म्हणून पहिलं काम हे की आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन बस आणि सगळं सांग, सफरचंदासकट. दुसरं, नियम त्यांनी सांगायचे. रात्री साडेनऊनंतर मोबाईल नाही हे बाबानं मुलीला सांगायचं, तुझ्यासमोर सांगायचं, आणि वर म्हणायचं की मी ड्युटीवर असेन तेव्हा मावशी सांगेल ते माझंच म्हणून ऐकायचं. मग तू मोबाईल काढून घेतलास तर तो तुझा राग नसतो, घराचा नियम असतो. शाळेतल्या बाईंना भेटायलाही दोघं जा. शिफ्ट ऍडजस्ट होते, लोक मॅचसाठी करतातच.

रागवण्याचं जरा सविस्तर बोलते, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. दीड वर्षात एकदाही रागवलं नाहीस हे तू अभिमानानं लिहिलंयस का दमून, मला कळलं नाही. पण मुलांच्या नजरेनं बघ. जिच्यावर आजी ओरडते, बाबा ओरडतो, वर्गात बाई ओरडतात, तिच्यावर एकच माणूस ओरडत नाही. कोण ओरडत नाही कोणाला? पाहुणे. तू दीड वर्ष पाहुणी असल्यासारखी वागतेयस आणि मग ती आपलं मानत नाही म्हणून रडतेयस. सिनेमानं आपल्याला दोनच साचे दिलेत, एक विष घालणारी आणि एक देवी, जी आल्या दिवशी पदर खोचून पोरांना मांडीवर घेते, स्वतःचं मूल नको म्हणते आणि शेवटच्या रिळात पोरं आई म्हणून हाक मारतात की संपलं. पहिला साचा निदान उघड खोटा दिसतो. या दुसऱ्यापायी मी जास्त बायका झिजलेल्या बघितल्यात. मासूम मला एवढ्यासाठी आवडतो, 1983 चा, त्यात शबाना आझमीचं पात्र नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधातून झालेल्या पोराला घरात बघून धुमसतं, त्याच्याशी धड बोलत नाही, आणि तरी दिग्दर्शक तिला खलनायिका करत नाही. वेळ देतो तिला. तुला कोण वेळ देतंय? तू स्वतःलासुद्धा देत नाहीयेस.

आमच्या घरचं सांगते. माझी आजी ही थोरल्या काकांची सावत्र आई होती हे मला दहावीनंतर कळलं, तेही एका लग्नात कोणीतरी बोलून गेलं म्हणून. आजी पंधराव्या वर्षी बिजवराला दिलेली, काका तेव्हा सात वर्षांचे. पंधरा आणि सात! देवलांनी शारदा नाटक 1899 मध्ये लिहिलं, म्हाताऱ्याला पोर देण्यावरून एवढं रान उठलं, पण लग्न होऊन गेलेल्या शारदांचं पुढे काय झालं, आठ वर्षांनी लहान असलेल्या पोराची आई होताना तिला काय वाटलं, हे कोणी रंगवलं नाही फारसं. काकांनी तिला जन्मभर वहिनी म्हटलं, कारण घरातले सगळे दीर वहिनी म्हणायचे. दोघांचं फार गोडीगुलाबीचं नव्हतं, खोटं कशाला सांगू, भांडायचे चांगले कडाकडा. पण काकांना भाकरी लागायची ती वहिनीच्याच हातची आणि पहिला पगार झाला तेव्हा लुगडं आणलं ते तिलाच. कोणी कोणाला काही पटवून दिलं नव्हतं.

त्यामुळे मावशी हे नाव बदलायच्या मागे लागू नकोस. सासूबाईंना पण सांग, आई म्हण आई म्हण असं मुलीला करू नका. मावशी हा काय कमी शब्द आहे का आपल्याकडे.

तिच्या आईचा विषय घरात बंद आहे का? पत्रात काही नाहीये म्हणून विचारते. बऱ्याच घरांत नवीन बाई आली की जुनीचा फोटो आतल्या खोलीत जातो, हिला वाईट वाटू नये म्हणून. तसं झालं असेल तर तूच तो बाहेर आण. पितृपक्षात अविधवा नवमीला सासूबाई सवाष्ण जेवायला घालत असतील, तर पुढच्या वेळी तू मुलीला विचार, आईला काय आवडायचं, आणि तो पदार्थ दोघी मिळून करा. बिघडला तर बिघडू दे. आमच्याकडे बायका हे वर्षानुवर्षं करत आल्यात, आपण जिला पाहिलं पण नाही तिच्यासाठी पानात गोड वाढत आल्यात, ते कुठल्या मालिकेत दाखवत नाहीत.

आता जरा कोरडं पण कामाचं, आणि हे तुझ्यासारख्या सगळ्यांनी वाचा. मघाशी म्हटलं ना की या गोष्टींच्या पोटात इस्टेट असते. तर ती भीती मुलीच्या आजोळी खरोखर असते, त्यांची लेक गेलीय, तिचे दागिने तुझ्या कपाटात आहेत. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं बाईच्या मागे मुलं आणि नवरा सारखे वारस. नवऱ्याला सांग, दागिन्यांची यादी करा, फोटो काढा, लॉकरमध्ये मुलीसाठी वेगळे ठेवा आणि यादीची एक कॉपी आजोळी स्वतः नेऊन द्या. तू नाही, त्यांनी. एवढ्यानं निम्मी कुजबुज बंद होते, मी बघितलंय. दुसरं म्हणजे 1956 चा पालकत्वाचा कायदा स्पष्ट सांगतो की आई या शब्दात सावत्र आई धरायची नाही. म्हणजे तू डबा भरतेस, तापात रात्र काढतेस, पण कायद्याच्या कागदावर तू तिची नैसर्गिक पालक नाहीस. उद्या नवऱ्याला काही झालं, होऊ नये, तर प्रश्न येतो. बाप मृत्युपत्रात पालक नेमू शकतो, ते करून घ्या वकिलाला विचारून. दत्तक घ्यायची वाट पण आहे, कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्यामार्फत सावत्र पालकाला घेता येतं, पण त्याची घाई नको, मुलीला त्यातलं कळू दे आणि आजोळालाही.

ज्यांच्याकडे मुलांची आई हयात आहे, घटस्फोट झालाय, त्यांना यातलं सगळं लागू नाही. तिथे तर तुम्ही कोणाची जागा घेतच नाही आहात, मुलाला एक जास्तीचं माणूस मिळतंय एवढंच, आणि मुलासमोर त्याच्या आईबद्दल वाकडं बोलायचं नाही हा एक नियम पाळलात तरी खूप झालं. यावर स्टेपमॉम नावाचा सिनेमा आला होता 1998 ला, मग हिंदीत वी आर फॅमिली आला 2010 मध्ये. चांगले प्रयत्न होते, पण माझी तक्रार अशी की दोन्हीकडे दोघींचं जुळवायला सख्ख्या आईला जीवघेणा आजार द्यावा लागला. दोघी धडधाकट राहून पालकसभेला शेजारी बसल्यात असं काही लिहायला कोणाला सुचलं नाही.

मालिकेचं राहिलं. बंद करू नकोस. सासूबाईंचा दिवसातला तो एक तास आहे, तो काढून घेणारी सून म्हणजे सात वाजताच्या मालिकेला नवीन ट्रॅक मिळाला. तू पण जाऊन बस. भाजी निवडायला घे आणि बस मध्ये. आणि बघता बघता सहज विचार, काय गं, हिचा बाबा कुठे असतो रोज? पुस्तकं जाळेपर्यंत याला वास पण येत नाही? एवढं मोठं घर, सगळ्यांना नटायला वेळ आणि पुस्तकं कोणाची जळतायत बघायला कोणी नाही? मुलं हसतात अशानं. मालिकेवर घरात हसायला लागले की तिची भीती राहत नाही. सासूबाई "आपली मावशी अशी नाही" म्हणतात तेही थांबव, प्रेमानं म्हणतात, मला माहितीये, पण ज्याची शंका कोणी घेतलीच नाही त्याचा खुलासा दिला की शंका तयार होते. त्यांना बाजूला घेऊन सांग. त्या समंजस वाटतात पत्रातून.

आणि सफरचंद. तू लिहिलंयस की तिच्यासमोर अर्धं कापून स्वतः खाऊन दाखवू का. नको! मूळ गोष्टीत राणी अगदी हेच करते. सफरचंद अर्धं कापते, पांढरी बाजू स्वतः खाते आणि विषाची लाल बाजू हिमगौरीला देते. आणि त्यांची प्रॅक्टिस चालू आहे, तिला हे सीन बाय सीन माहीत असणार. काही सिद्ध करायला जाऊ नकोस. महिनाभर डब्यात पेरू दे, चिक्की दे, काहीही दे. सफरचंदं टेबलावर टोपलीत ठेव आणि तिला एक छोटी सुरी दे, नऊ वर्षांची आहे, फळ कापायला शिकू दे. स्वतः धुईल, स्वतः कापेल, खाल्लं तर खाल्लं. एखाद दिवशी तुझ्यापुढे फोड सरकवेल. तेव्हा डोळ्यात पाणी वगैरे आणू नकोस, गप खा आणि मीठ लाव म्हण.

गॅदरिंगला तू, नवरा, सासूबाई तिघं जा. त्यांना सुट्टी आत्ताच टाकायला सांग. एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि तिला नाटकात रोल कुठला मिळालाय ते लिहिलंच नाहीस बघ. तेवढं विचार तिला. बुटक्याचा असेल तर दाढीला कापूस लागेल, तो आधीच आणून ठेव, ऐनवेळी मेडिकलमध्ये मिळत नाही.